वाटोबाचं माप

बाळगोंडा पाटलांनी पोतं आमच्या अंगणात उपडं केलं आणि त्यातून वाटोबाची पायताणं धप्पदिशी खाली पडली. एकेक पायताण सव्वा हात लांब, तीन पदरी तळाचं. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वाकून एक उचललं आणि उलटं केलं. मागच्या चैत्रात आम्ही दिलं होतं तसंच्या तसं. तळाला ओरखडासुद्धा नव्हता.

"सलग तिसरं वरीस, यल्लाप्पा," पाटील म्हणाले. "मातीचा कण न्हाई. वाटोबा हिंडायचा थांबलाय."

आण्णा पायताण छातीशी धरून उभे राहिले.

करंजोळ हे आमचं गाव, आणि वाटोबा त्या गावाचा राखणदार. दर चैत्र पौर्णिमेला त्याची जत्रा. जत्रेच्या आदल्या दिवशी त्याला नवी पायताणं द्यायची, ती घालून त्यानं वर्षभर गावाच्या शिवेवरनं फिरायचं, आणि पुढच्या चैत्रापर्यंत ती झिजवायची, असा रिवाज. माझ्या लहानपणी जुनी जोडी देवळातून बाहेर काढली की टाचेला भोक पडलेलं असायचं. सगळं गाव ते भोक बघायचं आणि मग आण्णांकडं बघून मान हलवायचं. पहाटे पहाटे त्या पायताणांची करकर ऐकू यायची. अंथरुणातलं माणूस 'चालला वाटोबा' असं पुटपुटून कूस बदलायचं आणि परत झोपायचं. मीसुद्धा ऐकली आहे. तीन वर्षांपासून मात्र करकर बंद होती. विहिरीवरच्या मोटारी चोरीला गेल्या होत्या, बिबट्यानं दोन शेरडं उचलली होती, आणि जे काही वाईट घडेल ते आमच्या पायताणांवर येत होतं.

"ह्या खेपेला शेवटचं तुझ्याकडं," पाटील म्हणाले. "जत्रेदिवशी सकाळी गुरव दार उघडंल. तळाला माती लागलेली दिसली तर तुझा मान तुझ्याकडं. न्हाई दिसली तर पुढल्या वर्सापासनं जोडी शेरातल्या मोठ्या दुकानातनं आनायची. गावानं ठरीवलंय."

"सात पिढ्यांचं काम हाय, पाटील."

"व्हय की. म्हनून तर तीन वर्सं गप बसलो."

पाटील दोन्ही पायताणं परत पोत्यात घालून देवळाकडं गेले. आण्णांनी उजवा हात धोतराच्या सोग्यात लपवला, आणि त्यांना वाटलं मी बघितलं नाही.

तो हात हेच आमचं गुपित होतं. तीन वर्षांपूर्वी तो थरथरायला लागला. भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत जायचा, पण रापी धरली की कातड्यावर नागमोडी काप यायचा. आमच्या कामात वेणी, गोंडा, शिवण हे बायकांचं. रापीनं कातडं कापणं पुरुषाचं. साध्या पायताणाला कुणी बघायला येत नाही, पण देवाच्या कातड्याला बाईची रापी लागायची नाही, असं सगळे मानायचे. आई मला लहान टाकून गेली होती, भाऊ नव्हता. पहिल्या वर्षी आण्णांनी दार लावून घेतलं, रापी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "काप." मी कापलं. त्या वर्षापासून देव चालायचा थांबला.

पाटील गेल्यावर मी म्हटलं, "आण्णा, माझ्यामुळं झालंय."

"गप बस."

एवढंच बोलले. 'न्हाई' म्हणाले नाहीत. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि माझ्या तोंडाला सगळी आळी भ्यायची. त्या दिवशी मात्र मी मोरीत तोंड धुवायच्या निमित्तानं गेले आणि पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी देवाच्या जोडीचं कातडं काढलं. म्हशीचं, जाड, हिरड्याच्या पाण्यात महिनाभर मुरवलेलं. ते घरापुढच्या छपरात पसरून ठेवलं. आण्णा जेवून आत आडवे झाले. बाराचं ऊन. आमचं घर खालच्या आळीला रस्त्याच्या कडेला. रस्ता पूर्वी मातीचा होता, तीन वर्षांपूर्वी त्याच्यावर डांबर पडलं. चैत्रात ते डांबर इतकं तापायचं की गाडीचं चाक गेलं तरी पुसट खूण उठायची.

त्या रस्त्यानं एक म्हातारा आला. ताडमाड उंच, डोक्याला मळकं मुंडासं, खांद्यावर घोंगडं. एवढ्या उन्हात घोंगडं घेणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. पायात काहीच नव्हतं.

"पोरी, पानी दे."

मी तांब्या दिला. कोण, कुठल्या आळीची, काही न विचारता त्यानं तो तोंडाला लावला आणि गटागटा रिकामा केला. मग छपराच्या मेढीला टेकून खाली बसला आणि पाय चोळायला लागला. तळव्याला डांबर चिकटलं होतं.

"काय वो आजा," मी म्हटलं, "ह्या उन्हात डांबरावरनं अनवानी? पायाची भजी तळून घ्यायची हाईत काय?"

"पायतान हाय की. घरात पडलंय."

"मग घालाय काय झालं?"

"चावतंय. करंगळीला."

"कुठनं घेतलासा?"

"हितनंच."

माझं टाळकंच सरकलं. आदल्या दिवशी पाटील येऊन बोलून गेलेले, आणि आज हा कुठला कोण. "हे बगा आजा," मी म्हटलं, "पानी पिलासा, सावलीला बसलासा, बरं झालं. पर उगंच खोटं बोलू नगासा. आमच्या घरचं पायतान चावत न्हाई. चार मुलखांत इचारा."

"मुलूख कशाला? माझ्या करंगळीला इचार की. तीन वर्सं झाली, घालतो आन काढून ठेवतो."

तीन वर्षं म्हटल्यावर माझ्या डोक्यात काहीतरी पेटायला हवं होतं. पण मला राग आला की डोकं चालत नाही, फक्त तोंड चालतं.

"दावा पाय," मी म्हटलं.

"आता कशाला?"

"दावा म्हनते न्हवं! गिऱ्हाइकाचा पाय बघितल्याबिगार मी ऐकून घेनार न्हाई."

तो हसला. एक दात नव्हता. त्यानं डावा पाय पुढं केला. करंगळीच्या मुळाशी बोराएवढं कुरूप झालं होतं, आणि चवडा बाहेरच्या अंगानं असा फाकला होता की चारी बोटं वेगळी दिसत होती. अशा पायाला मापातलं पायताण चावणारच. तेवढं मला लगेच कळलं, आणि राग थोडा उतरला. समोर कातडं पसरलेलंच होतं. "ह्याच्या कडंला ठेवा पाय," मी म्हटलं, "रेघ मारून घेते. म्हाताऱ्या मानसाला असं अनवानी सोडत न्हाई आमी."

त्यानं पाय ठेवला. मी आरी घेऊन टाचेपासून सुरुवात केली.

रेघ मारताना मी वर बघत नाही. नजर आरीच्या टोकावर ठेवायची, हे आण्णांनी शिकवलेलं. टाचेला वळसा घालून मी बाहेरच्या बाजूनं पुढं निघाले. म्हातारा वरून बोलत होता.

"ह्यो डांबरी रस्ता झाला आन पाय पसरलं बग. माती जागा देत्या मानसाला. पाय टाकला की जरा दबत्या, सरकत्या. डांबर काय सरकत न्हाई. मग पायानंच सरकाय लागतंय."

"हं," मी म्हटलं. मी रेघ ओढतच होते. गुडघ्यावर सरकून पुढं गेले. करंगळी अजून येत नव्हती. आणखी सरकले.

"तुमी आपलं तेच माप धरून बसलाईसा. मी म्हनलं कळंल कधीतरी. एक वरीस बघितलं, दोन बघितली."

आता करंगळी आली. मी त्या कुरपाला जागा सोडून अंगठ्याकडं वळले. एका पायाच्या रेघेसाठी मला दोनदा गुडघ्यांवर सरकावं लागलं होतं.

"हात चांगला हाय तुझा," म्हातारा म्हणाला. "तीन वर्सं बघतोय. यल्लाप्पापरीस कापनी सरळ हाय. मापच तेवढं बदल."

आरी थांबली. रापी कुणाच्या हातात असते, हे जगात फक्त दोघांना ठाऊक होतं, आण्णांना आणि मला.

"आन करकर जरा जास्त ठेव. रस्त्यावर ट्रकांचा लई कालवा असतोय. म्हाताऱ्याकोताऱ्यास्नी ऐकूच जात न्हाई मी आल्याला."

मी रेघ टाचेला आणून मिळवली, तेव्हा कुठं मान वर करायचा धीर झाला. मेढीपाशी कुणी नव्हतं. रस्ता दोन्ही बाजूंना मोकळा. तांब्या तेवढा उपडा ठेवलेला. मी रस्त्यावर धावले, चटका बसून परत सावलीत आले, आणि काय सुचलं कोण जाणे, मोठ्यानं ओरडले, "आवो! उजवा ऱ्हायला की!"

वळून बघते तर कातड्यावर माझ्या रेघेशेजारी दुसरी रेघ उठलेली. उजव्या पायाची. ती मात्र अगदीच वाकडीतिकडी होती. रेघा मारायचं काम काही त्याचं नव्हतं.

मी आण्णांना उठवलं. त्यांनी सगळं ऐकलं. मग देव्हाऱ्यातून लाल फडकं काढलं, त्यातून मापाचं पान काढलं. तेल पिऊन काळं झालेलं जुनं कातडं, सात पिढ्यांपूर्वी कुणीतरी कापलेलं. त्याच्यावरून आमच्या घरात वाटोबाचं पायताण कापत आले होते. सुताएवढा फरक कधी पडला नव्हता, आणि आण्णांना त्याचाच सगळ्यात मोठा अभिमान होता. त्यांनी ते पान माझ्या रेघेवर ठेवलं. रेघ पुढं दोन बोटं आणि करंगळीच्या अंगाला चार बोटं बाहेर राहिली.

"देवाचं माप हाय ह्ये," आण्णा म्हणाले. "ह्ये मोडायचं न्हाई."

"देवच म्हनला मोड म्हनून."

"ऊन लागलं आसंल तुला."

"मग ही दुसरी रेघ कुनाची? माझी रेघ अशी असती काय?"

आण्णा खाली बसले. त्यांनी त्या वाकड्या रेघेवरून बोट फिरवलं. बोट थरथरत होतं, पण रेघही तशीच असल्यामुळं दोन्ही बरोबर चालली.

"चाळीस वर्सं पायतान केलं मी," शेवटी ते म्हणाले. "परगावचा हमाल आला तरी पाय बघितल्याबिगार कातड्याला हात लावला न्हाई. आन देवाचा पाय काय मी कधी बघितलाच न्हाई. पान ठेवलं आन कापलं. रस्त्यानं समद्या गावाचं पाय फुगलं, त्येंची मापं वाढीवली. त्योबी त्याच रस्त्यानं चालतोय, ह्ये काय ध्यानात आलं न्हाई."

"आण्णा, म्हंजे माझ्या हातामुळं न्हवं."

"न्हाई ग बाय," ते म्हणाले. "तुझ्या हातामुळं न्हवं." तीन वर्षांचं ओझं माझ्या उरावरून उतरलं. त्यांनी मापाचं पान परत फडक्यात गुंडाळलं, देव्हाऱ्यात ठेवलं, त्याला हात जोडले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "काप."

सहा दिवस आम्ही दोघं त्या जोडीला लागलो. मी कापलं, शिवलं, वेणी घातली. करंगळीपाशी आतून मऊ शेरडाचं कातडं लावलं, कुरपाला लागू नये म्हणून. करकरीसाठी तळाच्या पदरांमध्ये विंचवाच्या झाडाच्या बिया बसवतात. ते काम आण्णांनी मला करू दिलं नाही. थरथरत्या हातानं एकेक बी ठेवत राहिले, नेहमीपेक्षा दुप्पट.

"लई होतंय वो," मी म्हटलं.

"ट्रकांचा कालवा हाय म्हनालाय न्हवं?"

जोडी तयार झाल्यावर मी ती छपरात उभी करून ठेवली आणि लांब जाऊन बघितली. खोटं कशाला बोलू, मला इतकी आवडली की मी एकटीच हसले. माझ्या हातून त्याआधी तसं काम झालं नव्हतं, त्यानंतरही झालं नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी उन्हं कलताना आण्णा आणि मी जोडी डोक्यावर घेऊन देवळाकडं गेलो. आम्ही जोडी बाहेरच्या पायरीवर ठेवायची आणि मागं सरायचं. तिथून शिरपा गुरव ती आत न्यायचा. शिरपानं जोडी उचलली आणि थबकला. जुनी जोडी पायरीवरच होती. त्यानं नवी तिच्याशेजारी ठेवली. सगळ्यांनी बघितलं.

"यल्लाप्पा," पाटील म्हणाले, "माप मोडलंस?"

आण्णा एक पाऊल पुढं झाले. ते माझा दोष स्वतःवर घेणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. आयुष्यभर हात जोडून उभा राहिलेला माणूस. आणखी एकदा हात जोडून 'चुकलं' म्हणाला असता.

"मी मोडलं," मी म्हटलं.

"तू?"

"मी. कापनीबी माझीच हाय. आन ह्याच वर्साची न्हवं. तीन वर्सं मीच कापत्या."

मग जो गोंधळ झाला तो सांगण्यासारखा नाही. बायकांनी तोंडाला पदर लावले. कुणी म्हणालं, तरीच मोटारी गेल्या. शिरपानं पायताणावरचा हात असा मागं घेतला, की मला त्याचा रागच आला.

"देवाला बाईच्या हातचं दिलंस, तीन वर्सं, आन गप बसलास," पाटील आण्णांना म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

"पाटील," आण्णा म्हणाले, "देवाला चांगलं काम दिलं. माझ्या हातनं झालं असतं तर वाकडं झालं असतं. पोरगीचं काम माझ्यापरीस चांगलं हाय." त्यांनी उजवा हात सोग्यातून काढला आणि सगळ्यांसमोर धरला. तो थरथरत होता तसा थरथरू दिला. "सकाळी तळ बगा. मग काय बोलायचं ते बोला."

नवी दुसरी जोडी आणायला वेळ नव्हता आणि देवाला अनवाणी ठेवणंही बरं नव्हतं. शिरपानं नाइलाजानं ती आत नेली. दाराला कुलूप पडलं, किल्ली पाटलांच्या कमरेला गेली.

त्या रात्री मी काही ऐकलं का, असं मला पुढं पुष्कळांनी विचारलं. खरं सांगते, काही ऐकलं नाही. सहा दिवसांची झोप साठली होती. मी मेल्यासारखी झोपले, आणि उजाडता उजाडता आण्णांनी हाक मारली तेव्हाच उठले. आम्ही दार ओढून घेतलं आणि देवळाकडं निघालो.

सगळं गाव आधीच जमलं होतं. पाटलांनी कुलूप काढलं. शिरपा आत गेला, आणि आतूनच ओरडला.

"पायतानं न्हाईत!"

देवापुढची जागा रिकामी होती. पाटील स्वतः आत गेले, कोपरे बघितले, बाहेर आले. त्यांनी सरळ आमच्याकडं बघितलं.

"यल्लाप्पा, आब्रू जाईल म्हनून नेलीस व्हय?"

"किल्ली तुमच्या कमरंला हाय, पाटील," मी म्हटलं.

"तू गप. कौलं काढून आत उतरनाऱ्यास्नी किल्ली कशाला लागत्या? चला रं, ह्येंच्या घरात बघू."

मग सगळं गाव आमच्या मागं. पुढं पाटील, त्यांच्या मागं आण्णा आणि मी, मागं गुरव, मागं बायका आणि माणसं. आण्णांची मान खाली होती. मी मुद्दाम मान वर ठेवून चालत होते, पण पायताणं कुठं गेली ते मलाही ठाऊक नव्हतं. कुणी खोडी काढून आमच्याच छपरात टाकली असली तर आमचं सांगणं कुणी ऐकलं नसतं.

आमच्या अंगणात येऊन पाटील उभे राहिले. नुसते उभेच राहिले. मागचे त्यांच्यावर आदळले आणि तेही थांबले.

आम्ही ओढून घेतलेलं दार उघडं होतं. आणि दारासमोर, उंबऱ्याच्या बाहेर, वाटोबाची पायताणं होती. टाकलेली नव्हती. एकाशेजारी एक, नीट, टाचा रस्त्याकडं आणि अंगठे घराकडं. पाहुणा घरात शिरताना दारात काढून ठेवतो, अगदी तशी.

शिरपा गुरव वाकला. त्यानं एक पायताण उलटं केलं. काल ज्याच्यावरून हात मागं घेतला होता, तेच. तळाचा पहिला पदर टाचेपाशी पार झिजला होता. खाचांत पूर्वेच्या शिवेची तांबडी माती होती, ओढ्याकडची काळी होती, पश्चिमेच्या माळावरचे काटे होते, आणि चवड्याला बोटभर जाड डांबर.

"पाटील," शिरपा हळूच म्हणाला, "एका रातीत एवढं झिजत न्हाई. तीन वर्सांचं हिंडनं भरून काढलंय त्येनं."

करंगळीच्या बाजूला मी लावलेलं शेरडाचं कातडं दबून त्यात करंगळीचा आकार उठला होता. मी तो बघितला आणि मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं, आणि लाज वाटली नाही. माझं पायताण चावलं नव्हतं.

मग ज्याच्या त्याच्या ध्यानात एकच गोष्ट यायला लागली. पायताणं बाहेर, म्हणजे माणूस आत. बाया पटापट पदर डोक्यावरून घ्यायला लागल्या. म्हाताऱ्यांनी मुंडाशी सारखी केली. उघड्या दारातून आतला अंधार तेवढा दिसत होता, आणि आत डोकवायची कुणाची छाती होईना.

बाळगोंडा पाटील आमच्या अंगणात शंभरदा आले असतील. त्यांच्या आधी त्यांचे वडील आले, आजा आला. पायताणं सांगायला, पायताणं न्यायला, कधी रागवायला. उंबऱ्याच्या आत त्यांच्यातलं कुणी कधी पाऊल टाकलं नव्हतं, आमच्या घरचं पाणी प्यायलं नव्हतं. त्या दिवशी पाटलांनी आपली कोल्हापुरी पायताणं काढली. ती वाटोबाच्या पायताणांपासून हातभर लांब, बाजूला ठेवली. आणि आण्णांकडं वळून हात जोडले.

"यल्लाप्पा," ते म्हणाले, "आत येऊ का?"

मी आण्णांकडं बघितलं. साठीला टेकलेला, वाकलेला माझा बाप. त्यांनी पाठ सरळ केली. किती उंच होते ते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांनी पाटलांकडं बघितलं, मागच्या सगळ्या गावाकडं बघितलं, आणि अगदी सावकाश म्हणाले,

"थांबा जरा. आत पाव्हनं हाईत. इचारून सांगतो."

आणि ते आत गेले. सगळं गावही पायताणं काढून आमच्या अंगणात अनवाणी उभं राहिलं. ऊन वर यायला लागलं होतं. मी दाराशी होते, म्हणून मला आत दिसत होतं. आमच्या खोलीत दुसरं कुणी दिसलं नाही. घोंगडं तेवढं अंथरलेलं होतं. आमच्या घरी घोंगडं नव्हतं. त्याच्यापुढं माझे आण्णा हात जोडून नव्हे, तर मांडी घालून बसले होते, आणि हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मधेच थांबून ऐकत होते. मधेच हसत होते. त्यांना घाई नव्हती.

मी आत शिरून चुलीवर चहाचं आधण ठेवलं. किती कप ठेवायचे हे कळेना, तेव्हा दारातूनच पाटलांना म्हटलं, "चहा घेनार न्हवं?"

"घेतो की बाय," पाटील म्हणाले.

चहा उकळला तरी आण्णा बसूनच होते. शेवटी मीच म्हटलं, "आण्णा, मंडळी उन्हात उभी हाईत."

"उभी ऱ्हाऊ देत," आण्णा म्हणाले. "आमचं बोलनं संपलं न्हाई अजून."